विसण: सोलापूरच्या वाया गेलेल्या उष्णतेविषयी

मराठीत 'विसण' असा एक शब्द आहे. बंबातून काढलेले कढत पाणी अंगावर घेता यावे म्हणून त्यात जे थंड पाणी ओतायचे, ते विसण. घरातून तांब्याचे बंब गेले आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही मागे पडला. आज पदव्युत्तर वर्गात तो उच्चारला तर दोन-चार विद्यार्थ्यांना आजीच्या तोंडून ऐकल्याचे आठवते, बाकीचे वहीत लिहून घेतात. एखादा शब्द वहीत लिहून घेण्याची वेळ आली की तो व्यवहारातून गेला असे समजावे. असो. या लेखात आम्हांला त्या शब्दाच्या व्युत्पत्तीशी कर्तव्य नाही. तो ज्या कृतीला नाव देतो ती कृती आम्हांला महत्त्वाची वाटते, कारण सोलापूरच्या औद्योगिक इतिहासातील एक मोठा आणि बव्हंशी न लिहिलेला भाग त्या कृतीत सामावलेला आहे, असे आमचे मत झाले आहे.

एक बादली ८० अंशांचे पाणी आणि एक बादली २० अंशांचे पाणी एकत्र केले तर दोन बादल्या ५० अंशांचे पाणी मिळते. हिशेब चोख आहे. उष्णतेचा एक कणही कमी झालेला नाही. तरीही काहीतरी गेले आहे. त्या दोन बादल्यांतून पुन्हा एक ८० ची आणि एक २० ची बादली वेगळी काढता येत नाही. ८० अंशांच्या पाण्यात डाळ मऊ होऊ लागते, सुताला रंग चढतो. ५० अंशांच्या पाण्यात फक्त आंघोळ होते. उष्णता तेवढीच, पण तिची कर्तबगारी उतरली. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली वाफेच्या यंत्रावर जे छोटे पुस्तक लिहिले त्याचा गाभा एवढाच होता की, काम उष्णतेतून निघत नाही, उष्णतेच्या दोन पातळ्यांमधील अंतरातून निघते. अंतर मिटले की संपले. रुडॉल्फ क्लाउझियसने या मिटण्याला १८६५ मध्ये 'एंट्रॉपी' हे नाव दिले. आमच्या आज्यांनी त्याला विसण म्हटले होते. अर्थात त्यांना ते हवेच होते आणि क्लाउझियसला त्याची चिंता होती, हा फरक आहे.

आता सोलापूरकडे येऊ. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सारे शहर 'जुनी गिरणी' म्हणत आले, ती १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि रेल्वेमार्गावरचे हे बाजारपेठेचे गाव धुराड्यांचे गाव झाले. गिरणी या विषयावर मराठीत जे साहित्य झाले, समीक्षा झाली, तिच्यात तीन वस्तू पुनःपुन्हा भेटतात: भोंगा, धुराडे आणि माग. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांच्या कादंबरीला नावच 'धावता धोटा' दिले. भोंगा ऐकू येतो, धुराडे दुरून दिसते, माग हलतो. साहित्याला आवाज, आकार आणि गती लागतात, आणि या तिन्ही गोष्टी तिथे आयत्या मिळाल्या. आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात असेच शिकवले की, भोंगा म्हणजे काळाची सक्ती, धुराडे म्हणजे भांडवल, माग म्हणजे यांत्रिक जीवन. भोंगा ज्या वाफेवर वाजतो ती वाफ उरलेला दिवस काय करत असते, हा प्रश्न आमच्या शिकवण्यात कधी आला नाही.

ती वाफ बरेच काही करत असे. जुन्या काळी ती इंजिन चालवी. नंतर विजेच्या मोटारी आल्या तरी बॉयलर गेला नाही, कारण वाफेचे दुसरे काम उरलेच होते. ताण्याच्या सुताला खळ द्यायची तर खळ शिजवावी लागे आणि खळ दिलेले सूत तापलेल्या पिंपांवरून सुकवावे लागे. रंगखात्यात सुताच्या लड्या गरम हौदांत बुडवाव्या लागत, वरखाली कराव्या लागत, मग पुन्हा गरम पाण्यात साबण घालून धुवाव्या लागत. आणि साचेखात्यात वाफेचा असा एक उपयोग होता की जो सांगितला तर आज चमत्कारिक वाटेल. कोरड्या हवेत कापसाचे सूत तुटते. म्हणून कापड गिरण्यांतून मागांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत, पुष्कळदा सरळ वाफ सोडून. १८८९ साली इंग्लंडच्या संसदेला लँकेशायरमधल्या या प्रथेवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला होता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात तेराव्या कलमाने कामाच्या जागेचे तापमान कामगाराला सुसह्य असावे असे म्हटले आणि पंधरावे कलम सबंध या कृत्रिम दमटपणासाठी दिले. त्या कलमात अशी अट होती की, हवा दमट करण्यासाठी जे पाणी वापरायचे ते पिण्याच्या पाण्याच्या पुरवठ्यातील किंवा तितके शुद्ध केलेले असले पाहिजे. सोलापूरसारख्या पाण्यासाठी कायम आभाळाकडे पाहणाऱ्या शहराच्या संदर्भात हे कलम वाचताना आम्ही थोडे थबकलो. सुताच्या सोयीसाठी पिण्याजोगे पाणी हवेत सोडले जात होते, आणि त्या हवेत माणसे आठ तास उभी होती.

गिरणीच्या या जगाचा शेवट एकदम झाला नाही. जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्यावर एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि चरणजितलाल चौधरी खटल्याचा निकाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागला. संविधानाच्या पहिल्याच वर्षातला हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. सोलापूरच्या विद्यार्थ्यांना तो आपल्या गावचा आहे हे फारसे ठाऊक नसते. विसावे शतक संपेतो मोठ्या गिरण्या एकेक करून थांबल्या. काम मात्र थांबले नाही. ते शहराच्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या वस्तीत आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर विखुरले. चादर आणि टेरी टॉवेल ही नव्या सोलापूरची ओळख झाली. दोहोंना भौगोलिक मानांकनही मिळाले. मागांबरोबर रंगकामही विखुरले. एका मोठ्या बॉयलरच्या जागी अनेक लहान बॉयलर आले. कोळशाच्या जागी लाकूड आले, बरेचसे बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१० च्या सुमारास लघुउद्योगांच्या ऊर्जाबचतीचा जो कार्यक्रम घेतला, त्यात देशातील निवडक समूहांमध्ये सोलापूरचा कापड उद्योग होता, तो याच कारणाने.

रंगकामाच्या अशा एका लहान कारखान्यात आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी गेलो होतो. बॉयलरच्या तोंडाशी लाकडे रचलेली, हौदांवर वाफ, लड्या फिरवणारे दोघे जण गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेले. हे सारे अपेक्षित होते. आम्ही पाहत राहिलो ते दाराबाहेरच्या गटाराकडे. थंडीत त्यातून वाफ निघत होती. एका हौदातून ऐंशीच्या घरातले रंगाचे पाणी सोडले जाई. शेजारच्या हौदातून लड्या विसळलेले थंड पाणी येई. दोन्ही चार हातांवर एकाच नालीत मिळत आणि पुढे जे वाहत जाई ते जेमतेम कोमट असे. म्हणजे गटारच विसण घालत होते.

थोडा हिशेब मांडतो. हजार लिटर पाणी २८ अंशांवरून ८० अंशांवर न्यायला ५२ हजार किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे ६० युनिट उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते. लहान बॉयलरमधून त्यातली ६० टक्के पाण्यापर्यंत पोचली असे धरले तर २.४ युनिट. म्हणजे हजार लिटरच्या एका हौदामागे २५ किलो लाकूड. ते पाणी रंग देऊन झाल्यावर जवळपास तितकेच गरम बाहेर पडते. सुताने फक्त रंग घेतलेला असतो. उष्णतेतले त्याने फारसे काही घेतलेले नसते. २५ किलो लाकूड नालीतून वाहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २५ किलो चुलीत जाते.

हे अज्ञानामुळे होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच जिल्ह्यात उष्णता पुनःपुन्हा वापरण्याची विद्या गेली नव्वद वर्षे नांदते आहे. सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी १९३२ साली स्थापन झाली आणि माळशिरस तालुक्यात तिच्यामुळे माळीनगर वसले. आज सोलापूर हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. साखर कारखाना म्हणजे मुख्यतः पाणी उडवून लावण्याचा उद्योग. गुऱ्हाळात हेच काम एका काहिलीत होते. चुलवाणात चिपाडे, वर काहील, काहिलीतल्या रसाची वाफ आभाळात. जी उष्णता एकदा रसाचे पाणी घेऊन वर गेली ती गेली. साखर कारखान्यात मात्र पहिल्या पात्रातली वाफ दुसऱ्या पात्राची चूल होते. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथला रस कमी तापमानाला उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याची चूल होते, तिसऱ्याची चौथ्याची. एक किलो वाफेत एक किलो पाणी उडायचे ते तीन-चार किलो उडते.

ही कल्पना ज्याची, त्याच्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नॉर्बर्ट रिलिए १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मला. बाप गोरा, आई काळ्या वंशाची पण गुलाम नसलेली. पॅरिसमध्ये तो अभियांत्रिकी शिकला आणि तिथेच शिकवू लागला. लुइझियानातील साखर त्या वेळी उघड्या कढयांच्या रांगेवर होत असे आणि उकळता रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतण्याचे काम गुलाम करीत. त्या कामात भाजणे हे रोजचेच. रिलिएने आपल्या बंदिस्त पात्रांचे पेटंट १८४३ आणि १८४६ मध्ये घेतले आणि १८४५ मध्ये मर्टल ग्रोव्ह या मळ्यावर त्याचे यंत्र यशस्वी झाले. मळेवाल्यांना इंधन वाचलेले दिसले, साखर पांढरी झालेली दिसली. गुलामी त्याने संपली नाही. उलट मळ्यांचा नफा वाढला. पण उकळत्या रसाच्या पळीमागून माणसाचा हात निघाला, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही. पुढे वर्णद्वेषाचे कायदे जाचक होत गेले तसा तो फ्रान्सला परतला आणि तिथे बरीच वर्षे त्याने इजिप्तच्या चित्रलिपीच्या अभ्यासात घालवली. १८९४ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. वाफेची पात्रे आणि पुरातन लिपी यांत रस घेणारा असा गृहस्थ आपल्या वाङ्मयीन वर्तुळात सहज शोभला असता.

मग एका जिल्ह्यातल्या दोन उद्योगांच्या दोन सवयी का? साखरवाल्याला उसाचे चिपाड, म्हणजे बगॅस, फुकट मिळते आणि वाचवलेल्या बगॅसपासून वीज करून विकता येते, हे एक कारण. खरे कारण अधिक खोल आहे. रिलिएच्या पात्रांत उष्णता पायरीपायरीने खाली उतरते आणि प्रत्येक पायरीवर तिची वाट पाहणारा रस असतो. रंगकामात अशी उतरंड नाही. नालीतले पाणी ४० अंशांचे. हौदाला हवे ८० चे. उष्णतेला खालून वर जायचे आहे आणि ती आपण होऊन वर जात नाही.

ती वर नेता येते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, याने १८५२ मध्ये दाखवून दिले की थोडे यांत्रिक काम खर्चून बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून घरात आणता येईल. आज आपण ज्याला हीट पंप म्हणतो त्याची ही पहिली नीट मांडणी. याच दशकात ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर या खाण अभियंत्याने एबेन्झे येथील मिठागरात प्रत्यक्ष यंत्र उभारले. खारे पाणी उकळून जी वाफ निघते ती पाणचक्कीच्या बळावर दाबायची, दाबल्याने ती अधिक तापते, आणि तिनेच पुढचे खारे पाणी उकळायचे. लाकडाची पाच हिश्शांपैकी चार हिस्से बचत होईल असा त्याचा अंदाज होता. त्याचे तत्त्व बरोबर होते. पण उष्णता ज्या भिंतीतून पलीकडे जायची तिच्यावर मिठाची कठीण खपली धरू लागली आणि यंत्र अडले. हीट पंपाच्या इतिहासातले हे पहिले अपयश विचारातले नव्हते, भिंतीतले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. सोलापूरला तिचेच काम पडणार आहे.

हीट पंप म्हणजे उष्णतेची मोट, असे म्हटले तर मराठी वाचकाला चटकन कळेल. विहिरीत पाणी आहे, पण ते खाली आहे. वर काढायला बैल लागतात. विहीर जितके परस खोल, तितका बैलांना त्रास. इथे विहिरीची खोली म्हणजे ४० आणि ८० यांतले अंतर, आणि बैलांच्या जागी विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. मोटेचे चामडे म्हणजे आत फिरणारा एक द्रव, जो नालीतल्या पाण्याच्या उष्णतेने उकळतो, वाफ होतो, दाबला की तापतो आणि हौदाच्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो. हा द्रव आणि नालीचे पाणी, किंवा हा द्रव आणि हौदाचे पाणी, एकमेकांत मिसळता कामा नये. त्यांच्यामध्ये भिंत हवी. आणि भिंत आली की तिचे मोलही आले. उष्णता भिंतीतून जायची तर दोन्ही बाजूंत काही अंशांचे अंतर ठेवावेच लागते. म्हणजे विहीर खाली काही हात आणि वर काही हात आणखी खोल होते.

किती हात, यावर सारे अवलंबून आहे. सोयीसाठी नालीचे पाणी ४० वरच राहते असे धरू. जाड नळ्यांच्या जुन्या धर्तीच्या यंत्रात दोन्ही टोकांना ८ अंश द्यावे लागले, तर मोटेला प्रत्यक्षात ३२ पासून ८८ पर्यंत उष्णता उचलावी लागेल. कार्नोच्या सूत्राने आदर्श यंत्र एका युनिट विजेत ६.४ युनिट उष्णता देईल. व्यवहारातले यंत्र त्याच्या निम्मे, म्हणजे ३.२. दोन्ही टोकांना २ अंशांत भागले, तर ३८ पासून ८२. आदर्श ८, व्यवहारात ४. बारा अंशांच्या फरकाने पाचवा हिस्सा गेला.

दोन अंशांत भागवणारी भिंत दूधवाल्यांनी तयार केली. एका द्रवाने दुसरा द्रव पत्र्यांच्या आडून थंड करण्याचे पेटंट जर्मनीत आल्ब्रेख्ट ड्राकेने १८७८ मध्येच घेतले होते, पण ते कागदावर राहिले. लंडनमध्ये रिचर्ड सेलिगमन या रसायनतज्ज्ञाने १९२३ साली दुधाच्या पाश्चरीकरणासाठी पत्र्यांचा संच तयार केला. पातळ पत्रे एकमेकांना टेकवून शिकंजात आवळायचे, मध्ये रबराची कडी; एकाआड एक फटींतून गरम दूध एका दिशेने आणि थंड दूध उलट दिशेने. तापवलेले दूध जाता जाता आपली उष्णता येणाऱ्या थंड दुधाला देते, आणि तरी दोन दुधांची गाठ पडत नाही. अशा संचात नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता परत मिळते. शिवाय शिकंजा सैल केला की पत्रे वेगळे होतात, घासता येतात. दुधाच्या धंद्यात हाच गुण निर्णायक ठरला. यालाच प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणतात. आज जो डेअरीतला संच आपण पाहतो त्यात पोलादी पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि फट दोन ते पाच मिलिमीटर. पत्र्यावर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या पन्हळी उठवलेल्या असतात. शेजारच्या पत्र्याच्या पन्हळी उलट्या तिरप्या, त्यामुळे पाण्याला सरळ वाट मिळत नाही, ते सारखे घुसळले जाते. हे घुसळणेच कामाचे. संथ वाहणाऱ्या पाण्याचा एक आळशी थर भिंतीला चिकटून बसतो आणि दुलईसारखा उष्णता अडवतो. पन्हळी ती दुलई उधळून लावतात. एवढ्याशा जागेत म्हणूनच दोन-तीन अंशांत काम भागते.

विसणाच्या नेमकी उलट अशी ही कृती आहे. विसणात दोन पाणी एक होतात आणि अंतर मिटते. पत्र्यांत दोन पाणी शेजारून जातात, मिसळत नाहीत, आणि एकाचे तापमान दुसऱ्याला जवळपास पूर्ण मिळते. मराठीत या कृतीला घरगुती शब्द नाही, कारण घरात तिची गरज पडली नव्हती. परिभाषाकोशातील 'उष्णता विनिमयक' बरोबर आहे, पण तो तोंडात बसत नाही.

हे पत्रे सोलापूरला परके आहेत असेही नाही. दुधाच्या धंद्यात ते केव्हाच सर्वत्र झाले. असे संच तयार करणाऱ्या अल्फा लावलचा कारखाना पुण्याजवळ दापोडीला कित्येक दशके आहे, आणि टाकाऊ उष्णतेवर चालणारे मोठे हीट पंप करणारी थरमॅक्सही पुण्याचीच. दापोडी ते अक्कलकोट रस्ता हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. दूध ते अंतर केव्हाच ओलांडून आले. सुताचे अजून व्हायचे आहे.

आम्ही गेलो होतो त्या कारखान्याच्या मालकांनी प्रयत्न केला नव्हता असे नाही. मागच्या पडवीत पोत्याखाली एक जुना पत्र्यांचा संच त्यांनी आम्हांला दाखवला. "सर, चाललं की, पण तीन आठवडे," ते म्हणाले. घरी तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकराच्या मराठीतला तो खास हेल. झाले असे की लड्यांतून सुटलेला कापसाचा बारीक तंतू पाण्याबरोबर आला आणि तीन मिलिमीटरच्या फटीत अडकला. एकावर एक तंतू बसत नमदा तयार झाला. त्यात बोअरच्या जड पाण्यातले क्षार जमले. दोन अंशांची भिंत आठ अंशांची झाली, मग पाणीच पुढे जाईना. एबेन्झेच्या मिठाची खपली दीड शतकाने इथे कापसाच्या रूपाने भेटली. यावर उपाय आहेत. आधी गाळणी बसवावी, रुंद फटीचे पत्रे घ्यावेत, पत्रे दर काही दिवसांनी उघडून घासावेत. दुधाच्या धंद्यात घासणे रोजचे असते, कारण नासलेले दूध लगेच वास मारते. तुंबलेली उष्णता वास मारत नाही. ती फक्त लाकडाच्या बिलात दिसते, आणि बिल महिन्याने येते.

मालकांचा हिशेबही आम्ही मांडून पाहिला. लाकूड किलोला ६ रुपये धरले तर वर सांगितल्याप्रमाणे एका युनिट उष्णतेला अडीच रुपये पडतात. वीज युनिटला ९ रुपये धरली आणि हीट पंपाने एकाचे चार केले तर सव्वादोन रुपये. पत्रे तुंबले आणि एकाचे ३.२ च झाले तर दोन रुपये ऐंशी पैसे. हे भाव उदाहरणापुरते घेतले आहेत, ते बदलतील. पण पारडे किती नाजूक आहे ते यावरून दिसते. पत्रा स्वच्छ असेल तर यंत्र परवडते, मळला तर लाकूड परवडते. यंत्राची किंमत, कर्जाचे व्याज आणि दुपारी जाणारी वीज या गोष्टी वेगळ्याच. मालक लाकडाकडे परतले यात त्यांचा मागासलेपणा शोधायला आम्ही तयार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनीही मान्य केली आणि तिला यंत्र लागत नाही. कढत पाण्याची नाली आणि थंड पाण्याची नाली वेगळी करायची. सत्तर-पंचाहत्तर अंशांचे पाणी विसण न घालता वेगळे राहिले, तर हीट पंपाशिवाय नुसत्या पत्र्यांच्या संचाने आत येणारे ताजे पाणी पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवता येईल. मोटेला उरलेले थोडेच परस उचलावे लागतील. कदाचित मोट लागणारही नाही, बॉयलरच ते काम निम्म्या लाकडात करील. म्हणजे पहिला खर्च विटा, सिमेंट आणि एका गवंड्याचा.

लड्या फिरवणाऱ्या दोघांपैकी वयस्क गृहस्थांना आम्ही विचारले, काका, तुम्हांला काय वाटते? ते पूर्वी गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांनी हात पुसत सांगितले की गिरणीत गरम पाण्याची मोरी वेगळीच होती, आणि थंडीत लोक तिच्या कडेला डबा गरम करायला ठेवीत. हे ऐकून मालक हसले. दिवाळीनंतरच्या मागण्या संपल्या की फरशी उखडू, तेव्हा या म्हणाले.